पुढच्या शुक्रवारी नको: घरी केलेला इलेक्ट्रॉनिक अल्बम बाहेर काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या एका तरुणाने दोन वर्षं स्वतःच्या खोलीत बसून, लॅपटॉप आणि हेडफोनवर आठ ट्रॅकचा इलेक्ट्रॉनिक अल्बम पूर्ण केलाय. एकूण ४६ मिनिटं. तिसरा आणि चौथा ट्रॅक एकमेकांत मिसळतात. एका ट्रॅकमध्ये आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, फोनवर रेकॉर्ड केलेल्या. दुसऱ्या एकात १९६१ सालच्या मराठी चित्रपटगीतातला चार सेकंदांचा तुकडा आहे. तो विचारतो: "पुढच्या शुक्रवारी रिलीज करतोय. सगळा एकदम टाकू की एकेक गाणं? मास्टर उणे १४ ला ठेवायचं ना? लेबल शोधू का? आणि व्हिनाइल, म्हणजे तबकडी, काढली तर?"

सर्वांत आधी, पुढचा शुक्रवार विसरा. मी पंधरा वर्षं पुण्यात मिक्स-मास्टरिंग, म्हणजे गाण्यातले आवाज जुळवून शेवटची फाइल (मास्टर) तयार करण्याचं काम, करतोय. घाईच्या अल्बमचा घोटाळा सहसा गाण्यांत नसतो, तारखेत असतो. तारीख आधी जाहीर होते, पोस्टर फिरतं, आणि रात्री दोन वाजता मला फोन येतो की दुसऱ्या ट्रॅकचा किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, फुटतोय. मास्टर झालेली शेवटची फाइल हातात आली, दोन दिवस कानाला विश्रांती देऊन ती पुन्हा ऐकली, तरी बरी वाटली, की त्या दिवसापासून आठ आठवडे मोजा. ती तुमची तारीख.

आठ आठवडे कशाला, तर डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे तुमची गाणी स्ट्रीमिंगवर चढवणाऱ्या कंपनीकडून, ती सगळीकडे पोचायला वेळ लागतो, आणि काहीतरी एकदा तरी परत येतंच. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं हवं, त्यावर इन्स्टाग्रामचं नाव किंवा वेबसाइट चालत नाही, एवढ्यावरून माझ्याकडच्या दोघांचे अल्बम अडकलेत. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर ते अजून प्रकाशित न झालेलं असावं लागतं आणि एका वेळी एकच सुचवता येतं. रिलीजच्या किमान सात दिवस आधी सुचवलं तर तुमच्या फॉलोअर्सच्या शुक्रवारच्या यादीत ते जातं. सात दिवस ही कागदावरची किमान मुदत आहे, मी तीन-चार आठवडे धरतो. शिवाय तुमच्याच नावाचा आणखी कुणीतरी जगात असतो. गाणी त्याच्या पानावर जाऊन बसतात आणि ती सोडवून आणताना पहिला आठवडा वाया जातो.

शुक्रवारचंही एक सांगतो. १० जुलै २०१५ पासून जगभरच्या कंपन्यांनी शुक्रवार हा नव्या संगीताचा वार ठरवला. मोठ्यांचं हे वेळापत्रक त्यांच्या चार्टसाठी आहे. तुम्ही त्याच दिवशी त्याच दारात उभे राहिलात तर गर्दीत दिसणार कसे? मी माझ्या ओळखीच्यांना मंगळवार किंवा बुधवार सांगतो. त्या दिवशी संध्याकाळी तुमच्या ओळखीची माणसं मोकळी असतात, आणि पहिल्या दिवशी ऐकणारी सगळी ओळखीचीच असतात.

आता एकदम की एकेक. आठातली दोन गाणी आधी सोडा, मध्ये तीन आठवड्यांचं अंतर ठेवून, मग पूर्ण अल्बम. दोनच. हल्ली काही जण पाच-सहा सिंगल काढतात आणि अल्बम आला तेव्हा त्यात नवं काही उरत नाही. इलेक्ट्रॉनिकमध्ये तर ऐकणारा संपूर्ण ४६ मिनिटांच्या प्रवासासाठी येतो, त्याला आधीच निम्मं वाढून ठेवू नका. दोन सिंगलांपैकी एक नाचाचं असू द्या आणि एक शांत, म्हणजे दोन वेगळ्या प्रकारची माणसं दार वाजवतील.

इथे एक तांत्रिक गोष्ट आहे, ती चुकली तर हळहळ वाटते. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक असतो. भारतात तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था देते, पण बहुतेक डिस्ट्रिब्युटर स्वतःच लावून देतात. सिंगल म्हणून टाकलेलं गाणं अल्बममध्ये पुन्हा जाताना त्याच क्रमांकाने गेलं पाहिजे, तरच आधीचे स्ट्रीम त्याच्यासोबत राहतात. नवा क्रमांक पडला की मोजणी शून्यावर. आणि गाण्याची लांबी किंवा शेवट बदलला तर ते वेगळं रेकॉर्डिंग धरलं जातं, त्याला वेगळाच क्रमांक हवा. म्हणून तिसरा आणि चौथा ट्रॅक सिंगलसाठी निवडू नका. ते कापून फेड, म्हणजे आवाज हळूहळू कमी-जास्त, करावे लागतील आणि हिशेबाचा गुंता होईल.

त्या जोडाबद्दलही बोलू. तिसरा-चौथा मास्टर करताना दोन वेगळ्या फाइली करून लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) लावलात तर जोडाच्या जागी लिमिटर वेगवेगळं वागतो आणि बारीकसं 'टक्' ऐकू येतं. स्पीकरवर कदाचित नाही येणार, हेडफोनवर हमखास. दोन्ही ट्रॅक एका लांब फाइलमध्ये ठेवून मास्टर करा आणि मग कापा. कापल्यावर कुठल्याही बाजूला फेड नको, एक सॅम्पलही (डिजिटल आवाजाचा सर्वांत छोटा कण) रिकामा नको. पाठवायची फाइल २४ बिटची डब्ल्यूएव्ही. एमपीथ्री पाठवू नका. एमपीथ्रीमध्ये सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता आपोआप जोडली जाते, तुमचा जोड तिथेच तुटतो.

उणे १४ हा आकडा आता मारुतीच्या स्तोत्रासारखा पाठ झालाय सगळ्यांना. त्यामागचं कारण मात्र कुणी सांगत नाही. एलयूएफएस हे आवाजाचा जोर मोजण्याचं एकक, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका जोर जास्त. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसच्या पातळीवर गाणी वाजवतो, म्हणजे जोरात असलेलं गाणं तो आवाज कमी करून वाजवतो. गाण्याला शिक्षा नाही करत, फक्त बटण खाली फिरवतो. तुमचा ट्रॅक उणे ९ ला घट्ट, भरीव वाटत असेल तर तो उणे ९ लाच ठेवा. उणे १४ चा हट्ट धरून किकमधला दम काढून टाकलात तर तीच फाइल एखादा डीजे क्लबमध्ये लावेल तेव्हा तिथे कुणी बटण फिरवायला नसतं आणि तुमचं गाणं शेजारच्या गाण्यापुढे हडकुळं वाटतं. फक्त एक पाळा, की ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं शिखर, शून्याला भिडू देऊ नका. उणे १ डेसिबल सोडा, फार जोरात असलेल्या मास्टरला उणे २. स्ट्रीमिंगसाठी फाइल दाबली जाते तेव्हा शिखरं थोडी उसळतात, ती जागा त्यांच्यासाठी.

अल्बमवाल्यांसाठी यात एक चांगली बातमी आहे. कुणी तुमचा अल्बम सलग लावला तर स्पॉटिफाय संपूर्ण अल्बमची पातळी एकत्र धरतो. म्हणजे तुमचा ओव्यांचा शांत ट्रॅक शांतच राहतो, शेजारच्या दणक्याइतका फुगवला जात नाही. म्हणून आठही ट्रॅक एका आकड्यावर आणण्याचा खटाटोप करू नका. सलग ऐका आणि प्रत्येक गाणं सुरू होताना हात आवाजाच्या बटणाकडे जातो का, एवढं बघा.

आणि खालच्या आवाजाचं. सांगली-कोल्हापूरकडची पोरं माझ्याकडे मिक्स घेऊन येतात तेव्हा मला दोन मिनिटांत कळतं. मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतीसमोर वाढलेल्या कानाला सब, म्हणजे सर्वांत खालचा बेस, कधीच पुरेसा वाटत नाही. तुम्ही तर हेडफोनवर मिक्स केलंय. मास्टरला पाठवण्याआधी तीन ठिकाणी ऐका: एखाद्या मित्राच्या कारमध्ये, फोनच्या स्पीकरवर, आणि जिथे सबवूफर आहे अशा कुठल्याही खोलीत. फोनवर बेसलाइन पूर्ण गायब झाली तर सब वाढवून उपयोग नाही, तो स्पीकर त्या पट्टीत वाजतच नाही. बेसला थोडं सॅच्युरेशन (हलकी खरखर) द्या म्हणजे त्याचे वरचे स्वर ऐकू येतील. साधारण १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखं, करा. मोठ्या सिस्टिमवर आणि व्हिनाइलवर दोन्हीकडे हेच लागतं.

आता तो चार सेकंदांचा तुकडा. 'चार सेकंद चालतात' हा नियम कुठल्याच कायद्यात नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९६१ चं रेकॉर्डिंग २०२१ च्या अखेरीस भारतात मोकळं झालं. इथपर्यंत वाचून बरेच जण उडी मारतात. पण गाण्याचे शब्द आणि चाल यांवरचा हक्क वेगळा आहे. तो गीतकार-संगीतकाराच्या आयुष्यभर आणि मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं असतो. ते १९९० च्या दशकात गेले असतील तर हा हक्क २०५० च्या दशकापर्यंत चालेल. शिवाय तुम्ही गाणं फक्त भारतात नाही टाकत. अमेरिकेत १९५७ ते १९७२ च्या सुरुवातीपर्यंतची ध्वनिमुद्रणं २०६७ पर्यंत संरक्षित आहेत. तुकडा काढा. त्यात तुम्हाला जे आवडलं ते नेमकं काय ते शोधा. बहुतेक वेळा व्हायोलिनच्या ताफ्याचा तो धुरकट पोत असतो. मग तसा पोत स्वतःच्या स्वरांनी तयार करा. मी हे चारेक जणांकडून करून घेतलंय. एकाचा नवा तुकडा मूळ तुकड्यापेक्षा सरस निघाला, बाकीच्यांचा नाही, पण अल्बम तरी जागेवर राहिले.

विकत घेतलेल्या लूपचीही, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायच्या तयार तुकड्याचीही, एक भानगड आहे, आणि ही माझ्याच मूर्खपणाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझ्या एका ईपीमध्ये (छोट्या अल्बममध्ये) सॅम्पल पॅकमधला, म्हणजे तयार आवाजांच्या संचातला, तंबोऱ्याचा लूप होता, रीतसर पैसे भरून घेतलेला. अपलोड करताना यूट्यूब कंटेंट आयडीच्या, म्हणजे आवाज ओळखून हक्काचा दावा करणाऱ्या यंत्रणेच्या, चौकटीत मी विचार न करता टिक केली. तीन आठवड्यांनी एका गायनशिक्षिकेचा मेल आला. त्यांच्या रियाजाच्या व्हिडिओवर माझ्या नावाने दावा पडला होता. तोच लूप त्यांनीही वापरला होता, त्यांनीही विकत घेऊन. यंत्राला वाटलं तंबोरा माझा. दावा काढून घ्यायला मला दोन दिवस लागले आणि माफी मागायला एक लांब मेल. तुमच्या ज्या ट्रॅकमध्ये कुणीही विकत घेऊ शकेल असा लूप उघडा वाजतोय, त्यासाठी ती टिक करू नका.

पैशांबद्दल थेट बोलतो. एका स्ट्रीमचा ठरलेला दर असा नसतोच. महसूल गोळा होतो आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्याप्रमाणे वाटला जातो. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या ट्रॅकला मागच्या बारा महिन्यांत किमान १००० स्ट्रीम नसतील तर त्याचे पैसे धरलेच जात नाहीत. हे प्रत्येक ट्रॅकला वेगळं लागू होतं, अल्बमची बेरीज चालत नाही. म्हणजे पहिला ट्रॅक ९००० वेळा वाजला आणि आठवा ८०० वेळा, तर आठव्याचे शून्य. पहिल्या अल्बमला स्ट्रीमिंग ही जाहिरात समजा, उत्पन्न नाही.

उत्पन्न हवं तर शंभर माणसं शोधा. अतिशयोक्ती नाही, शंभरच. प्रत्येकी ३०० रुपयांना अल्बम घेतला तर ३०,००० रुपये होतात, आणि ही शंभर माणसं पुढच्या अल्बमलाही येतात. कलाकाराला थेट संगीत विकू देणारं बॅंडकॅम्प हे संकेतस्थळ यासाठी अजूनही मला सर्वांत सरळ वाटतं. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात, विक्री ५००० डॉलरच्या वर गेली की १० टक्के, पैसे भरण्याचं शुल्क वेगळं. मार्च २०२० मध्ये त्यांनी बॅंडकॅम्प फ्रायडे सुरू केला. अशा ठरावीक शुक्रवारी ते स्वतःचा वाटा घेत नाहीत. ऐकायला छान आहे, पण त्या दिवशी जगातला प्रत्येक इंडी कलाकार मेल पाठवतो. पहिला अल्बम त्या दिवशी नका काढू, महिनाभराने तो दिवस आला तर एक ओळीची आठवण करून द्या.

आपल्याकडची खरी अडचण म्हणजे तिथे पैसे पेपॅलवरून फिरतात, आणि पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे पाठवणं बंद केलं. परदेशातला ऐकणारा सहज घेतो, मिरजेतल्या मित्राचं कार्ड मात्र कधी चालतं, कधी नाही. म्हणून मी डाउनलोड कोडची छोटी कार्डं छापून घ्यायला सांगतो. एका बाजूला कव्हर, मागे कोड. कार्यक्रमाच्या दारात यूपीआयचा क्यूआर लावायचा आणि कार्ड हातात द्यायचं. माणसाला काहीतरी हातात घेऊन घरी जायला आवडतं.

त्यामुळेच व्हिनाइलचा मोह होतो, समजतो मी. पण तुमची ४६ मिनिटं म्हणजे एका बाजूला २३. बारा इंची, ३३ च्या वेगाच्या तबकडीवर एवढं बसवायचं तर खोबणी अरुंद कराव्या लागतात, आवाज खाली येतो आणि बेस आक्रसतो. तुमच्यासारख्या बेसभारी संगीताला एका बाजूला सोळा-अठरा मिनिटं बरी. शिवाय तबकडीच्या मध्याकडे जाताना वरच्या पट्टीतला आवाज फाटू लागतो, म्हणजे तुमचा सर्वांत चमचमता ट्रॅक बाजूच्या शेवटी ठेवता येत नाही. पूर्ण क्रम बदलावा लागेल. पहिल्या अल्बमला नाही. दुसऱ्याच्या वेळी शंभर माणसं दोनशे झाली असली तर बघू.

लेबल? छोटं लेबल पैसे देत नाही, यादी देतं: डीजेंची, रेडिओवाल्यांची, लिहिणाऱ्यांची. एखाद्या लेबलचे मागचे पाच अल्बम तुम्ही स्वतः ऐकले असतील तरच लिहा. तीन ओळींचा मेल, एक खाजगी लिंक, फाइल जोडायची नाही. 'मी लहानपणापासून संगीताचा चाहता' यात पहिली ओळ वाया घालवू नका. पहिल्या ओळीत आवाज कसा आहे ते सांगा.

हे आवाजाचं वर्णन करणं फार कमी लोकांना जमतं, आणि त्याची किंमत मोठी असते. मुंबईचे चरणजितसिंग यांची गोष्ट इलेक्ट्रॉनिकवाल्या प्रत्येकाला माहीत हवी. चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या या माणसाने १९८२ मध्ये रोलॅंड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर, म्हणजे टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ वर, दहा राग डिस्को तालात बसवून एक रेकॉर्ड काढली. ती चालली नाही. दुकानदाराने ती कुठल्या कप्प्यात ठेवायची, शास्त्रीय की डिस्को? शिकागोत ॲसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार ज्या ३०३ च्या आवाजावर उभा राहिला, तो आवाज या रेकॉर्डवर काही वर्षं आधीच होता. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली तेव्हा जग चकित झालं. अठ्ठावीस वर्षं! तुमच्याकडे कप्पा निवडायची सोय आहे, तर 'इलेक्ट्रॉनिक' एवढ्यावर थांबू नका. डाउनटेम्पो की हाउस की ॲम्बियंट, किती बीपीएम (मिनिटाला किती ठोके), कुठली पट्टी, हे डीजेंना पाठवताना प्रत्येक ट्रॅकपुढे लिहा. ट्रॅकची नावं मराठीत असतील तर देवनागरी आणि रोमन यांतलं एक ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. 'पाऊस'चं रोमन स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेला एक अल्बम माझ्या माहितीत आहे. शोधूनही सापडत नाही.

तारीख जाहीर करण्याआधी एक काम जरूर करा. दहा-पंधरा माणसं एका खोलीत बोलवा आणि अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवा. मधे बोलायचं नाही, समजावून सांगायचं नाही. मागच्या वर्षी कोथरूडमधल्या एका फ्लॅटवर, चटयांवर बसून आम्ही असं ऐकलं. ज्याचा अल्बम होता तो दाराशी उभा होता. पाचव्या ट्रॅकच्या तिसऱ्या मिनिटाला चौदापैकी नऊ जणांनी फोन काढले. कुणी काही वाईट बोललं नाही, नंतर सगळ्यांनी 'मस्त' म्हटलं. त्याने घरी जाऊन तो ट्रॅक दीड मिनिटाने कापला आणि सहाव्याच्या जागी नेला. दाराशी उभं राहून माणसांकडे बघा, स्पीकरकडे नको.

आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व संगीतकार म्हणून घेऊन ठेवा. ते काम अल्बमनंतर राहून जातं, आधीच करायचं.

राहिल्या आजीच्या ओव्या. हा तुमच्या अल्बमचा सर्वांत मोलाचा ट्रॅक असणार असं मला न ऐकताच वाटतं, म्हणून त्याची कागदपत्रं सर्वांत नीट करा. ओव्या परंपरेच्या आहेत, त्यांचा मालक कुणी नाही. पण गाणाऱ्या व्यक्तीला तिच्या गाण्यावर हक्क असतो, नातं घरचं असलं तरी. साध्या कागदावर, मराठीत, चार ओळींची परवानगी घ्या आणि मिळतील त्या पैशांतला तिचा वाटा त्यात लिहा. आणखी ओव्या हव्याशा वाटल्या तर संग्रहांकडे हात जाईल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावोगावी फिरून जमवलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांपैकी बऱ्याच आज पारी (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर वाचता येतात, काही ऐकताही येतात. ऐकता येतात म्हणजे सॅम्पल करता, म्हणजे आपल्या गाण्यात घेता, येतात असं नाही. तिथे आधी लिहून विचारा.

फोनवरचं रेकॉर्डिंग साफ करायला जाऊ नका. नॉइज काढणारं सॉफ्टवेअर जात्याची घरघरही काढून टाकेल. फक्त खालची धडधड ८० हर्ट्झपर्यंत छाटा आणि तुमचा बेस त्या ट्रॅकमध्ये मागे घ्या.

आणि गायिका म्हणून आजीचं नाव क्रेडिटमध्ये टाकाल, तेव्हा ते एकदा छापलं की तिचं स्वतःचं पान तयार होतं आणि मग बदलणं जिकिरीचं जातं. कुठलं नाव लावायचं, माहेरचं की सासरचं, हे आधी तिलाच विचारा.